उजवीकडचे आसन : ख्रिस्ताच्या स्वर्गीय पदाचा मराठी अर्थ

फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' मराठी वाचकाला परिचित आहे ते बहुधा एका उताऱ्यापुरते. मराठी भाषेची थोरवी सांगणाऱ्या त्यातील ओव्या पाठ्यपुस्तकांतून आणि वेचेसंग्रहांतून पिढ्यान्‌पिढ्या वाचल्या गेल्या आहेत. इंग्लंडात जन्मलेल्या आणि १५७९ साली गोव्यात आलेल्या एका जेजुइट धर्मोपदेशकाने आपल्या भाषेचे गोडवे गावेत, याचा अभिमान आपणांस वाटणे स्वाभाविक आहे. परंतु सुमारे अकरा हजार ओव्यांचा हा ग्रंथ कवीने भाषास्तुतीसाठी रचलेला नाही. १६१६ साली साष्टीतील राशोल येथे तो छापला गेला, तेव्हा त्याचा हेतू नवख्रिस्ती श्रोत्यांना पुराणाच्या जागी पुराण देण्याचा होता. पहिल्या पुराणाच्या ३६ अवस्वरूंत सृष्टीची उत्पत्ती, मानवाचे पतन आणि तारकाची दीर्घ प्रतीक्षा येते. दुसऱ्या पुराणाच्या ५९ अवस्वरूंत त्या तारकाचा जन्म, उपदेश, क्रूसावरील मरण, पुनरुत्थान आणि स्वर्गारोहण यांची कथा येते. ग्रंथाचे तोंड पहिल्यापासूनच या आरोहणाकडे आहे. असे असता मराठी समीक्षेने ग्रंथाच्या दाराशी उभे राहून कमानीवरचे नक्षीकाम पाहावे आणि आत न जाता परतावे, हे योग्य नव्हे.

प्रस्तुत लेखात आम्ही या कथेतील एकाच गोष्टीचा विचार करणार आहोत. ख्रिस्त स्वर्गात गेला आणि पित्याच्या उजवीकडे बसला, असे ख्रिस्ती श्रद्धा मानते. या बसण्याचा अर्थ काय, आणि तो मराठीत कितपत उतरला आहे? ही गोष्ट मानावी की न मानावी, हा ज्याच्या त्याच्या श्रद्धेचा प्रश्न आहे. परंतु ती काय सांगते हे नीट समजून घेणे हा वाङ्मयाच्या अभ्यासकाचा धर्म आहे. आणि आमच्या मते येथे आपला वाचक व आपला शिक्षक दोघेही सहज फसतात. फसतात ते अज्ञानामुळे नव्हे, तर जवळच्या ओळखीच्या कथांमुळे.

२

मराठी मनाला स्वर्गी जाण्याच्या कथा नव्या नाहीत. निदान चार कथा तरी अशा आहेत की, ख्रिस्ताच्या आरोहणाचे वर्णन वाचताच त्या आपोआप पुढे येतात आणि आपापला अर्थ त्या वर्णनावर चढवितात.

पहिली कथा युधिष्ठिराची. 'स्वर्गारोहण' हा शब्दच आपण महाभारताच्या अखेरच्या पर्वातून घेतला आहे. भावंडे वाटेत पडली, कुत्र्याला सोडून स्वर्गात जाण्यास धर्मराजाने नकार दिला, हा भाग लहान मुलांनाही ठाऊक असतो. त्यापुढचा भाग मात्र सहसा विसरला जातो : स्वर्गातील गंगेत स्नान करून युधिष्ठिर आपला मानवी देह टाकतो आणि दिव्य रूप घेतो. देहासह तो दारापर्यंत जातो. पण आत राहावयाचे तर देह सोडावा लागतो.

दुसरी कथा श्रीकृष्णाच्या निजधामगमनाची. भागवताच्या एकादश स्कंधावरील एकनाथांची टीका १५७३ साली पूर्ण झाली, म्हणजे स्टीफन्स गोव्याच्या किनाऱ्यास लागण्याच्या सहा वर्षे आधी. व्याधाचा बाण पायाला लागतो, ज्याने तो मारला त्याला भगवंत अभय देतात आणि अवतारकार्य आटोपून मूळ पदी परततात. अवतार येतो तो एका कार्यासाठी. कार्य संपले की धारण केलेल्या रूपाचे प्रयोजनही संपते. निघणे म्हणजे येथे समाप्ती.

तिसरी कथा तुकोबांच्या सदेह वैकुंठगमनाची. परंपरा ही घटना १६५० च्या सुमाराची मानते. ती 'ख्रिस्तपुराणा'नंतरची असल्यामुळे स्टीफन्स यांच्या मनात असणे शक्य नाही. परंतु आजच्या वाचकाच्या मनात ती सर्वांत आधी येते. येथे देह सुटत नाही, हे खरे. पण भक्त देवाच्या घरी जातो, देवाच्या आसनावर बसत नाही.

चौथी कथा ध्रुवाची, आणि आम्हांस ती सर्वांत महत्त्वाची वाटते. बापाच्या मांडीवर बसू पाहणाऱ्या पोराला सावत्र आई हिणविते. पोर रानात जाऊन तप करते आणि अढळपद मिळविते. पित्याजवळची जागा, तिच्यासाठी सोसलेले कष्ट आणि आकाशातील अचल स्थान हे सर्व घटक या कथेत आहेत. म्हणून ख्रिस्ताने दुःख भोगले व देवाने त्याला उच्च केले, असे ऐकताच आपले मन चटकन म्हणते : हा तर ध्रुवच! सोसले, म्हणून मिळाले.

या चारही कथा थोर आहेत; त्यांच्याशी तुलना करून कोणास लहान-मोठे ठरविणे हा आमचा हेतू नाही. परंतु यांपैकी एकीचाही साचा ख्रिस्ताच्या पदाला बसत नाही. तो का बसत नाही हे पाहिले म्हणजे त्या पदाचा अर्थ आपोआप उलगडू लागतो.

३

उजवीकडच्या आसनाचे मूळ हिब्रू स्तोत्रांतील एकशे दहाव्या स्तोत्रात आहे. यरुशलेमच्या राजाला उद्देशून तेथे देववाणी होते : शत्रू पायाखाली येईपर्यंत तू माझ्या उजवीकडे बैस. त्याच स्तोत्रात पुढे हा राजा निरंतरचा याजकही असल्याचे म्हटले आहे. राजपद आणि याजकपद एका ठायी आणणारे हे छोटेसे स्तोत्र नव्या करारातील लेखकांनी जितक्या वेळा आठविले, तितके जुन्या करारातील दुसरे वचन क्वचितच आठविले असेल. पेत्राच्या पहिल्या जाहीर भाषणात ते येते. पौलाच्या पत्रांत त्याचे पडसाद आहेत. इब्री लोकांस लिहिलेले पत्र तर जवळजवळ त्याच्याच भोवती गुंफलेले आहे. महायाजकापुढे चौकशी चालली असता येशूने हेच आसन आपले असल्याचे सांगितले, आणि त्या उत्तरावरूनच त्याला ईश्वरनिंदक ठरविण्यात आले, असे मार्क लिहितो. म्हणजे हे पद मरणानंतर भक्तांनी जोडलेले भूषण नाही. शुभवर्तमानाच्या मांडणीत ते मरणाचे एक कारणच आहे.

आता 'उजवीकडे' म्हणजे काय? मराठीत 'अमका तमक्याचा उजवा हात आहे' असे आपण म्हणतो, तेव्हा मुख्य मदतनीस किंवा विश्वासू कारभारी असा अर्थ असतो. हा वाक्प्रचार मनात ठेवून वाचणाऱ्यास ख्रिस्त हा देवाचा दिवाण वाटतो. ख्रिस्ती सिद्धांताच्या दृष्टीने याहून मोठी चूक नाही. कारभारी गादीच्या पुढे उभा राहतो. येथे बसणारा गादीवरच बसतो. सुदैवाने आपल्याच भाषेत 'उजवा' या शब्दाचा दुसरा अर्थ आहे. 'हा त्याच्यापेक्षा उजवा' म्हणजे सरस, श्रेष्ठ. संत ऑगस्टीन यांनी उजवीकडचा अर्थ परम धन्यता असा केला, तो या दुसऱ्या अर्थाजवळ येतो. देवाला आपल्यासारखे हातपाय कल्पू नयेत, असा त्यांचा इशारा होता. आठव्या शतकातील योहान दमास्कसकर यांनीही हेच विचारले : ज्याला सीमा नाही त्याला उजवी बाजू कोठून असणार? म्हणून त्यांनी तिचा अर्थ पुत्राचे सनातन वैभव व मान असा घेतला. पुढे सोळाव्या शतकात लूथर आणि झ्विंग्ली यांच्यात प्रभुभोजनावरून वाद झाला, १५२९ साली मारबुर्ग येथे तो विकोपास गेला, तेव्हाही हा प्रश्न मध्ये होता. देवाचा उजवा हात सर्वत्र आहे असे लूथर म्हणत. झ्विंग्लींचा पक्ष ख्रिस्ताचा देह स्वर्गात आहे यावर भर देई. परंतु आसन म्हणजे लाकडाची वा सोन्याची बैठक नव्हे, तो अधिकार आहे, याविषयी दोन्ही पक्षांत दुमत नव्हते.

'बसणे' हे क्रियापदही विचार करण्यासारखे आहे. बसणे म्हणजे विसावणे, असे आपणांस प्रथम वाटते. इब्रींच्या पत्राचा लेखक मात्र या क्रियापदातून एक युक्तिवाद उभा करतो. मंदिरातील याजक रोज उभे राहून तेच ते बली अर्पितात, कारण त्यांचे काम कधी संपत नाही. याने एकदाच स्वतःला अर्पिले आणि तो बसला. बसण्यात बलिदानाची परिपूर्ती आहे. परंतु तेच पत्र असेही सांगते की, तो आपल्या लोकांसाठी सतत मध्यस्थी करीत जिवंत आहे. अर्पण पुरे झाले. करुणा पुरी झालेली नाही.

याला एक लक्षणीय अपवाद आहे. 'प्रेषितांची कृत्ये' या ग्रंथात स्तेफन याला दगडमार करून ठार केले जाते. मरणापूर्वी त्याला स्वर्ग उघडलेला दिसतो आणि ख्रिस्त देवाच्या उजवीकडे बसलेला नव्हे, तर उभा दिसतो. हे का, यावर पोप ग्रेगरी पहिले यांनी दिलेले स्पष्टीकरण प्रसिद्ध आहे : बसणे हे न्याय करणाऱ्याचे व राज्य करणाऱ्याचे लक्षण आहे, उभे राहणे हे साहाय्यास धावणाऱ्याचे. आम्हांस असे वाटते की, हे स्पष्टीकरण समजण्यास मराठी वाचकासारखा अधिकारी वाचक दुसरा नसेल. पुंडलिकासाठी विटेवर उभ्या राहिलेल्या देवाची ओळख त्याला पाळण्यापासून असते. देवाचे उभे राहणे म्हणजे भक्तासाठी तिष्ठणे, हे त्याला कोणी समजावून द्यावे लागत नाही. बसलेला ख्रिस्त त्याला परका वाटला तर उभ्या ख्रिस्तापासून त्याने आरंभ करावा. मात्र दोन्ही चित्रे एकाच सिंहासनापाशी आहेत, हे विसरू नये.

४

ध्रुवाच्या कथेचा साचा येथे का बसत नाही, याचे उत्तर चौथ्या शतकातील एका मोठ्या वादात मिळते. फिलिप्पैकरांस लिहिलेल्या पत्रात पौल म्हणतो की, ख्रिस्ताने स्वतःस रिक्त केले, दासाचे रूप घेतले, क्रूसावरील मरणापर्यंत तो आज्ञाधारक राहिला. म्हणून देवाने त्याला अत्युच्च केले. या 'म्हणून' शब्दावर आरियसच्या अनुयायांनी बोट ठेवले. ज्याला बढती मिळते तो मुळात खाली असला पाहिजे. तेव्हा पुत्र हा देवाने निर्मिलेला, पुण्याईने वर चढलेला जीव होय, असे त्यांचे म्हणणे. आपल्या परिभाषेत सांगावयाचे तर आरियसच्या पक्षाने ख्रिस्ताचा ध्रुव केला. अथनासियस यांनी याला दिलेले उत्तर ख्रिस्ती विचाराचा कणा ठरले. देव या नात्याने पुत्राला उच्च होण्याची गरजच नव्हती. तो कधी खाली नव्हता. उच्च झाले ते त्याने घेतलेले माणूसपण. म्हणून ही बढती त्याची नसून आपली आहे.

या एका उत्तराने संपूर्ण कल्पनेची दिशा बदलते. युधिष्ठिराने जेथे मानवी देह टाकला, तेथे ख्रिस्त तो टाकीत नाही. अवतार जेथे रूप आवरून घेतो, तेथे हा ते आवरून घेत नाही. एकदा घेतलेले माणूसपण कायमचे घेतलेले आहे आणि तेच आता सिंहासनावर आहे. १५६३ सालच्या हायडेलबर्ग प्रश्नोत्तरीने आरोहणाचा जो लाभ सांगितला तो हाच : आपलाच देह स्वर्गात तारण म्हणून ठेवलेला आहे. इफिसकरांस लिहिलेले पत्र तर आणखी पुढे जाऊन, विश्वास ठेवणारे ख्रिस्ताबरोबर आताच तेथे बसविले गेले आहेत, असे म्हणते. कुत्र्याला वगळून मिळणारा स्वर्ग नाकारणाऱ्या धर्मराजाचे मन ज्याला कळते, त्याला या वचनाचा आशय कळण्यास अडचण पडू नये. एकट्याने वर जाणे हा येथे आरोहणाचा अर्थ नाही.

श्रद्धेचे सूत्रबद्ध मतांगीकार पाहिले तरी ही वाढ दिसते. ३२५ साली निकेया येथे जो मतांगीकार ठरला त्यात ख्रिस्त स्वर्गात चढला, एवढाच उल्लेख आहे. ३८१ सालच्या कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेशी जोडल्या गेलेल्या रूपात पित्याच्या उजवीकडे बसण्याचा आणि त्याच्या राज्यास अंत नसल्याचा उल्लेख येतो. चढणे ही भूतकाळातील घटना झाली. बसणे हा चालू वर्तमानकाळ आहे. आणि त्यानंतर लगेच येतो भविष्यकाळ : तो न्याय करावयास पुन्हा येईल. व्याकरण शिकविणाऱ्याने या तीन काळांची सांगड जरूर ध्यानी घ्यावी. मधला काळ गाळला, तर उरते ती एक गेलेल्या महापुरुषाची आठवण.

५

इथपर्यंत आपण आसनाचा विचार केला. पण त्या आसनावर चढण्याची वाट कोणती? येथे मराठी भाषेत एक शब्द असा आहे की, त्याच्या साहाय्याने मूळ ग्रंथातील एक अवघड अर्थ सहज हाती येतो. योहानाच्या शुभवर्तमानात येशू आपल्या 'उंच केले जाण्या'विषयी वारंवार बोलतो. मूळ ग्रीक क्रियापद दोन्ही अर्थांनी घेता येते : खांबावर उंच करणे आणि सन्मानाने उंच करणे. कित्येक भाषांत या द्व्यर्थासाठी टीप लिहावी लागते. मराठीत 'चढविणे' हा शब्द तयार आहे. माणसाला सुळावर चढवितात आणि गादीवरही चढवितात. योहानाच्या मते ख्रिस्ताच्या बाबतीत ही दोन चढविणी वेगळी नाहीत. क्रूस ही सिंहासनापूर्वीची पायरी नव्हे. सिंहासनाचा आरंभ तेथूनच होतो.

मार्कानेही हेच वेगळ्या रीतीने सांगितले आहे. याकोब आणि योहान हे जब्दीचे पुत्र येशूकडे येऊन मागणे मागतात : तुझ्या वैभवात आम्हां एकाला उजवीकडे आणि एकाला डावीकडे बसू दे. तुम्ही काय मागता ते तुम्हांला कळत नाही, अशा आशयाचे उत्तर त्यांना मिळते. काही प्रकरणांनंतर उजवी-डावीकडच्या जागा खरोखरच भरतात. पण त्या दोन क्रूसांवरच्या दोन लुटारूंनी. मार्क यावर एका शब्दाचेही भाष्य करीत नाही. वाचकाने दोन प्रसंग जोडून घ्यावेत, अशी त्याची अपेक्षा दिसते.

मग प्रकटीकरणाच्या ग्रंथात सिंहासनाचे जे दर्शन आहे त्याचा अर्थ लागतो. सिंह येणार, असे द्रष्ट्याला सांगितले जाते. तो पाहतो तेव्हा सिंहासनापाशी कोकरू उभे असते, आणि तेही वधलेले. पुनरुत्थानानंतरच्या देहावर खिळ्यांचे व्रण होते, हे योहान आवर्जून सांगतो. ते व्रण वर गेल्यावर पुसले गेले, असे ख्रिस्ती श्रद्धा कोठेही म्हणत नाही. आमच्या मते या साऱ्या विषयाचे मर्म या एका गोष्टीत आहे. ख्रिस्ताचे उच्च पद म्हणजे दुःखानंतरची भरपाई नव्हे. ज्याने दुःख भोगले त्याच्या हाती, त्याच्या व्रणांसह, सत्ता आहे, हा त्याचा अर्थ.

६

आता पुन्हा आपल्या ग्रंथाकडे येऊ. हा अर्थ मराठीत आणताना स्टीफन्स यांच्यापुढे पहिलाच पेच शब्दांचा होता. त्यांनी स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरला. पुढे बायबलच्या मराठी भाषांतरांत 'स्वर्ग' शब्द रूढ झाला आणि आज तोच सर्वत्र चालतो. 'वैकुंठ' हा विष्णूचा लोक. तो शब्द ख्रिस्ती ग्रंथात घेणे म्हणजे सरमिसळ होय, असा आक्षेप घेता येईल, आणि तो अगदीच पोकळ नाही. तथापि अर्थाच्या दृष्टीने आम्हांस स्टीफन्स यांची निवड अधिक मार्मिक वाटते. आपल्या परंपरेत स्वर्ग हा पुण्याच्या मोबदल्यात मिळणारा, आणि पुण्य सरले की सोडावा लागणारा लोक आहे. इंद्राचेही पद तेथे डळमळीत असते. अशा ठिकाणी ज्याच्या राज्यास अंत नाही त्याचे आसन मांडणे विसंगत ठरते. वैकुंठ मात्र देवाचे स्वतःचे धाम. तेथून परत येणे नाही, आणि तेथला संबंध पुण्याच्या हिशेबाचा नसून प्रेमाचा आहे. मराठीचा अभिमान बाळगणाऱ्या या कवीने मराठी शब्दांच्या पोटात शिरून त्यांचे वजन पाहिले होते, याचा हा पुरावा भाषास्तुतीच्या ओव्यांपेक्षा कमी मोलाचा नाही.

परंतु समीक्षकाने येथेच थांबणे प्रामाणिकपणाचे होणार नाही. शब्द ज्या भूमीवर उच्चारले जातात तीही त्यांना अर्थ देते. १५६७ साली साष्टीतील देवळे पाडण्यात आली होती. १५८३ साली कुंकळ्ळी येथे पाच जेजुइट मारले गेले आणि त्यानंतर पोर्तुगीजांनी गावच्या प्रमुखांना विश्वासघाताने ठार केले. राशोलला चर्चची शाळा होती, तसा किल्लाही होता. अशा मुलखात 'स्वर्गातील राजा' हे शब्द श्रोत्याच्या कानी पडत, तेव्हा राजा म्हटल्यावर त्याच्या डोळ्यांसमोर कोण उभे राहत असेल? उच्च ख्रिस्ताचे सिंहासन आणि लिस्बनचे सिंहासन यांत त्याने फरक करावा तो कसा?

हा प्रश्न एकट्या गोव्याचा नाही. तो या सिद्धांताच्या संपूर्ण इतिहासाचा आहे. दुसऱ्या शतकात स्मुर्ण्याचा वृद्ध धर्माध्यक्ष पॉलिकार्प याला 'कैसर प्रभू आहे' एवढे म्हणण्यास काय हरकत आहे, असे विचारण्यात आले. त्याने ते म्हटले नाही आणि त्याला जाळण्यात आले. ज्याचा प्रभू उजवीकडे बसला आहे त्याला दुसरा प्रभू मान्य होऊ शकत नाही, हा त्या नकाराचा आधार होता. सातव्या शतकाच्या अखेरीस बायझंटाइन सम्राट जस्टिनियन दुसरा याने नाण्याच्या दर्शनी बाजूस ख्रिस्ताची मुद्रा आणि मागील बाजूस ख्रिस्ताचा सेवक म्हणून स्वतःची मुद्रा पाडली. नम्रतेची भाषा तीच; पण आता स्वर्गातील सिंहासन पृथ्वीवरील सिंहासनाचा पाठीराखा झाले होते. आणि विसाव्या शतकात, १९३४ साली, जर्मनीत बार्मेन येथे जमलेल्या मंडळींनी ख्रिस्ताखेरीज अन्य कोणाचाही अंतिम अधिकार मानण्याचे नाकारले, तेव्हा पॉलिकार्पचाच अर्थ पुन्हा वर आला. एकच श्रद्धा सम्राटाला नकारही देते आणि सम्राटाच्या नाण्यावरही जाते. यांतील खरा अर्थ कोणता हे ठरविण्याची कसोटी बाहेर शोधावी लागत नाही. सिंहासनावर व्रण दिसतात काय, एवढेच पाहावयाचे. व्रण पुसले की उरतो तो कोणताही राजा.

'ख्रिस्तपुराण' या कसोटीला उतरते असे आम्हांस वाटते. दुसऱ्या पुराणाची रचनाच अशी आहे की, क्रूसाची कथा ऐकल्याशिवाय श्रोत्याला आरोहणापर्यंत जाता येत नाही. ग्रंथाभोवतीच्या सत्तेने व्रण झाकले असतील. ग्रंथाने ते झाकलेले नाहीत. साष्टीच्या श्रोत्याच्या हाती यामुळे एक विलक्षण माप आले. त्याला बाप्तिस्मा देणारे राज्य ज्या राजाचे नाव घेत होते, त्या राजाला एका साम्राज्याच्या अधिकाऱ्यानेच क्रूसावर चढविले होते, ही गोष्ट त्याला त्याच्याच भाषेत, ओवीच्या चालीवर ऐकावयास मिळाली.

यानंतर तीनशे वर्षांनी मराठीत या पदाला आणखी एक शब्द मिळाला. रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडून 'देवाचा दरबार' स्थापन केला. त्यात बाप्तिस्मा घेतलेल्यांना आणि न घेतलेल्यांनाही ख्रिस्ताचे शिष्य म्हणून एकत्र येता यावे, अशी त्यांची योजना होती. टिळकांचा ख्रिस्त गुरू आहे, माउली आहे; त्यांच्या पदांत सिंहासनापेक्षा जवळीक अधिक जाणवते आणि म्हणून कोणी म्हणेल की, उच्च पदाची बाजू त्यांच्याकडून राहून गेली. आम्हांस तसे वाटत नाही. 'दरबार' म्हटले की गादी आलीच. परंतु या दरबारात मानकऱ्यांच्या रांगा नाहीत आणि दारावर नावनिशी विचारणारा चोपदार नाही. गादीवर कोण बसला आहे, हे ज्याला कळले त्याला दरबार असाच भरवावा लागेल. टिळकांनी आरंभिलेले व लक्ष्मीबाईंनी पुढे नेलेले 'ख्रिस्तायन' १९३८ साली प्रसिद्ध झाले. स्टीफन्स यांचे पुराण परराज्याच्या सावलीत रचलेले. टिळक-दांपत्याचे आख्यान स्वतःच्या समाजाने दूर लोटलेल्या घरात वाढलेले. दोन्ही एकापुढे एक ठेवून वाचली तर उच्च पदाची दोन टोके दिसतात : वर नेणारे वैकुंठ आणि खाली उतरणारा दरबार.

७

वर्गात 'ख्रिस्तपुराणा'तील उतारा शिकविणाऱ्या आमच्या बंधुभगिनींना म्हणून आमचे एवढेच सांगणे आहे की, भाषास्तुतीच्या ओव्या जरूर शिकवाव्यात. पण त्यांच्या शेजारी आरोहणाच्या कथाभागातील काही ओव्याही ठेवाव्यात. १९५६ साली शांताराम बंडेलू यांनी या ग्रंथाची देवनागरी आवृत्ती प्रसिद्ध केली, तेव्हापासून रोमन लिपीची अडचणही उरलेली नाही. विद्यार्थी आपल्याजवळच्या कथा घेऊनच येईल, आणि त्याने त्या आणाव्यातच. युधिष्ठिर, श्रीकृष्ण, तुकोबा आणि ध्रुव यांना वर्गाबाहेर ठेवून हा भाग समजावयाचा नाही. प्रत्येक कथा कोठपर्यंत सोबत करते आणि कोठे हात सोडते, एवढे त्याच्याकडून काढून घ्यावे. जेथे हात सुटतो तेथे या श्रद्धेचे स्वतःचे बोलणे सुरू होते.

शेजारधर्माच्या ग्रंथाला आपल्यासारखा ठरवून गौरविणे सोपे असते आणि परका ठरवून बाजूस सारणे त्याहून सोपे. तो नेमका काय म्हणतो हे ऐकणे यांपेक्षा कष्टाचे आहे. उजवीकडचे आसन हे अढळपद नव्हे, निजधाम नव्हे आणि दिवाणाची बैठकही नव्हे. सुळावर चढविलेल्या माणसाला गादीवर चढविले आहे आणि त्याच्या हातांवरचे व्रण तसेच आहेत, असे ही श्रद्धा म्हणते. ती मानणाऱ्यांनी आपल्या सत्तेकडे, आणि न मानणाऱ्यांनीही आपापल्या सत्तेकडे, या व्रणांच्या उजेडात एकदा पाहावे, इतके सामर्थ्य या जुन्या मराठी पुराणात आहे.